समासातली पेन्सिल

खानापूरच्या वाचनालयातली कादंबरी.
पान एकशे बाराच्या समासात
कुणीतरी कन्नडात लिहिलंय.

शेवटची चाळीस पानं मी रविवारसाठी राखते,
कोपरा दुमडत नाही,
बेळगाव बसचं तिकीट घालते.
बसच्या पाट्या लावत लावत आलं
तेवढंच माझं कन्नड.
तरी बसले बोट ठेवून,
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

इ-व-ळु. होग-बार-दित्तु.
हिनं जायला नको होतं.

मला तर वाटलेलं, सुटली बाई!
दोन दिवस भांडतेय
त्या न पाहिलेल्या वाचकाशी,
भाकरी थापताना, मराठीतच.

आज परत करायचं.
खाली लिहिलं, वाकड्या अक्षरात:
याक?

शिक्का मारताना कल्लाप्पा विचारतो,
पुस्तकात लिहिलंय काय कुणी?
आधीपासूनच आहे, म्हटलं.
अर्धं खरं.