घडी मोडताना

बाबांनी अडतीस वर्षं साड्या उलगडल्या
परभणीच्या कच्छी बाजारात,
गादीवर मांडी घालून.
नाव दिगंबर. गिऱ्हाइकं हसायची,
तेही हसायचे, आणि हसता हसता
आणखी दोन बनारसी खाली काढायचे.
चाळीस साड्या बघून बाई नुसतीच उठली
तरी कपाळावर आठी नाही.
काठावर काठ, पदर आत,
मधोमध तळहाताची एक थाप.
झाली घडी.

नांदेडचे डॉक्टर म्हणाले,
फोटोत हे दिसत नसतं, मॅडम,
तुम्ही तर जीवशास्त्रच शिकवता.

हो, शिकवते. अकरावी, ब तुकडी.
फळ्यावर मणी काढते, मण्यांची माळ,
माळेला वळण, वळणाला घडी,
आणि सांगते, प्रथिनाचं काम त्याच्या घडीत असतं.
दोन मार्कांना येतं.

बाबांच्या डोक्यातलं ते एक,
एकशे चाळीस मण्यांचं.
तसं ते मोकळंच असतं म्हणे,
गिऱ्हाइकापुढे टाकलेल्या साडीसारखं,
ज्याचं काम त्याच्या अंगानं पडणारं.
कधीतरी, का ते कुणालाच नक्की ठाऊक नाही,
एकाला भलतीच चुणी पडली.
तिथंच थांबलं असतं तर भागलं असतं.
पण ते शेजारच्याला चिकटलं,
त्याला आपल्यासारखं मोडून घेतलं,
त्यानं पुढच्याला.
ना जंतू, ना ताप.
घरचाच माल,
गठ्ठे होऊन पडलेला पेशींच्या वाटेत.

आधी, खूप आधी, झोपेत हात चालायचे.
आई म्हणायची, दुकान घरी आणलंय यांनी.
मग उजवा अंगठा,
बोटावर फिरत राहणारा,
नसलेल्या नोटा मोजत.

आता चार वाजले की
बैठकीत बायका येऊन बसतात.
हिरव्या लुगड्यातली एक रोजची.
तिच्यासंगं दोन लेकरं, बोलत नाहीत.
"कोण येऊलालंय बघ. पाणी दे."
पहिले सहा महिने मी भांडले.
कुणी नाही बाबा, पडदा आहे तो.
आता तांब्या ठेवते.
ते पाणी नंतर मीच पिते, कोमट.

काल चादर घेऊन बसले होते.
काठ काठाला मिळेना.
तीनदा उलगडली. चौथ्यांदा
त्या चुरगळलेल्या बोळ्यावरच
मधोमध थाप मारली
आणि माझ्याकडे बघितलं,
माल पटला का, अशा नजरेनं.

मी आत जाऊन कपाट उघडलं.
नोकरी लागली तेव्हा आणलेली जांभळी,
त्यांच्याच पगारातून हप्त्यानं कापलेली.
घडीसुद्धा मोडली नव्हती अजून.
रेशीम ठेवून ठेवू नये, ते सांगायचे,
वर्षातून दोनदा घडी बदल,
नाहीतर घडीवरच चिरतं.
बदलली नव्हती.

बोट लावलं तर आरपार गेलं.

तशीच नेसले. चीर निऱ्यांत गेली.
बाहेर आले तर बाबा
माझ्याकडे हात करून
हिरव्या लुगड्यातलीला सांगत होते,
"हा पीस बघा, बाई. शेवटचाच आहे.
रंग जायचा नाही.
माझी गॅरंटी."