ळ कुठे बसतो

लानिडलॉइस, असं मी म्हणते.
तेगवेन हॉवेल्स म्हणते, नाही, पुन्हा.
जीभ ल ला टेकव, आवाज काढू नकोस,
नुसती हवा सोड गालांतून.
मी सोडते. टेबलावरचं प्रूफ उडतं.

खाली चिप्सचं दुकान. व्हिनेगरचा वास
जिन्यानं वर येतो आणि सूचीत शिरतो,
लोकरीवरच्या पुस्तकाच्या सूचीत. पाचशे बारा पानं,
वेल्श, मराठी, इंग्रजी, थोडी जर्मन.
बटण दाबलं की सॉफ्टवेअर
चार सेकंदांत सगळ्यांना पंगतीला बसवतं.
नवखा वाढपी. नाती ठाऊक नाहीत,
पाटामागचा नंबर बघतो आणि बसवतो.

म्हणून काळी मेंढी कासऱ्याच्या आधी,
त्याच्या वहीत ळ हा ल चा शेजारी.
लोकर धुवायचा क्षार
क च्या घोळक्यात, कोकराच्या पाठीमागे.
आणि ज्ञानू हाके, मेंढपाळ, पानं ४१, ११२, ३१८,
ज च्या खोलीत भाडेकरू.

तेगवेनकडेही तीच गत.
त्यांच्यात दोन ल मिळून एक अक्षर,
ल च्या पुढे स्वतःचं घर असलेलं.
तिच्या भाषेतल्या रंगाला यानं
साध्या ल च्या गर्दीत कोंबलं.
"चाळीस वर्षं प्रुफं वाचली," ती म्हणते,
"हे पाप हातून झालं नाही."

मी तिला ळ म्हणून दाखवते.
ती म्हणते ल. मग म्हणते ड. मग चहा ठेवते.
"शब्दाच्या सुरुवातीला येतो का हा?"
नाही. एकही शब्द निघत नाही त्याच्यापासून.
"तरी जागा राखलीत?"
राखली. ह च्या पलीकडे.

मग किल्ल्या लिहायला बसतो.
प्रत्येक नोंदीत @ च्या डावीकडे एक खोटं नाव,
उजवीकडे खरं.
छापून येतं ते खरं,
रांग लागते खोट्याची.
मला यात नवल वाटत नाही.
मंगळवेढ्याच्या शाळेत हजेरीत मी शेवटची, ज्ञानदा,
क्षमा पाटणकरच्याही मागे.
माझ्यापर्यंत येईतो बाईंचा आवाज बसलेला,
कधी माझं "हजर" घंटेतच जायचं.
इथल्या विणकाम मंडळात मी डी.
चौथ्या नावालाच हाक येते
आणि मी बसून राहते, अजून वेळ आहे असं वाटून.

संध्याकाळी नियम एकदाचे लागतात.
ह, मग ळ. क्ष. ज्ञ.
वेल्शचा न-ग हा जोड, ग च्या पाठीमागे.
लगेच बँगर गाव उठून
दहा ओळी वर जाऊन बसतं.
तेगवेनला हसू आवरत नाही.
बँगरमधला न वेगळा, ग वेगळा,
ते जोडलेले नाहीत, नुसते शेजारी.
यंत्राला कसं कळणार?
"कळत नाही. माहीत असावं लागतं."
बँगरला मी हातानं उचलून खाली आणते.

शेवटचं पान प्रिंटरमधून गरम येतं.
मराठी सूचीच्या तळाशी ज्ञानू हाके, एकटा,
खाली वीतभर कोरं.
ती त्या कोऱ्यावर बोट ठेवते,
इथे कुणी राहिलंय का?
नाही, मी म्हणते. इथे घंटा व्हायची.

कांबळ्याचा अनुस्वार आधी की मागून,
यावर माझ्याकडचे दोन कोश भांडतात.
ते उद्या.

दिवा मालवून आम्ही जिना उतरतो.
खाली तापल्या तेलात चिप्सची जाळी बुडते,
तिच्या त्या अक्षराचा हुबेहूब आवाज करत.
कुणी बघत नाही असं पाहून
मी एकदा म्हणून बघते.