कारणाचा रकाना

हजेरीपत्रकात पूर्वी दोनच गोष्टी मावायच्या:
आलं, न्हाई आलं.
चौगुले बाईंनी पट्टी घेतली,
शेवटाला एक उभी रेघ मारली
आणि वर लिहिलं, कारण.

मग पेन माझ्या हातात दिलं.
म्हणाल्या, आक्काताई, घरोघरी जाणं तुमचं,
तुम्हीच लिहा.

मी चौथीतनं सुटलो.
घंटा देतो, खोल्या झाडतो, खिचडीच्या ताटल्या मोजतो.
वेलांटी कुठल्या अंगाला काढायची
एवढ्यावरच घाम फुटला.

तरी लिवलं.
बिरदेव डवरी: नळाला पाणी साडेदहाला येतं.
तायाप्पा वडर: फळ्यावरचं दिसत न्हाई, म्हणून कटाळा.
प्रणाली कुरणे: दर महिन्याला चार दिवस. बाई, समजून घ्या.
समृद्धी: धाकटं आत्ताच झोपलंय.

बाई वाचत गेल्या. चहावर साय धरली.
मग इचारलं, सात नंबरच्या खोलीची किल्ली कुठाय?

सातमध्ये मोडकी बाकं, उंदरानं खाल्लेलं मखर
आणि कुणाची तरी एक चप्पल, डाव्या पायाची.
सगळं काढायला दोन दिस गेले.
उद्यमनगरात फौंड्रीला असलेला आमचाच एक जुना पोरगा
लोखंडी पाइपचा पाळणा वेल्ड करून घिऊन आला.
हलवला की कर्रकर्र वाजतो,
पण समृद्धीचा भाऊ त्याच आवाजानं झोपतो.
कपाटाची किल्ली प्रणालीकडं. आत काय हाय
ते पोरींना म्हाईत, मला म्हाईत, पुरे.
तायाप्पाला चष्मा लागला, तर म्हणतो कसा,
आक्के, झाडाला सुटी सुटी पानं असत्यात!
पाण्याचं मात्र जमलं न्हाई.
वॉर्डात तीनदा जाऊन आलो.
बिरदेव अजून उशिराच येतो, खांदा ओला घिऊन.
बाईंनी गणिताचा तास मागं ढकलला.

अल्फिया मुजावरच्या पुढं रकाना कोरा.
तीन सोमवार.
आई म्हणाली, बरी हाय की.
बाप म्हणाला, येईल.
पोरगी घरात न्हवती.

सापडली सीपीआरच्या ओपीडीत,
शेजारच्या शांताक्काला खेटून बसलेली,
मांडीवर औषधांची पिशवी:
ही जेवायच्या आधी. ही पांढरी अर्धीच.
मागच्या सोमवारी कुणाच्या तरी पेन्शनीला बँकेत.
त्याच्या आधी रेशनवर,
म्हातारीचा अंगठा उमटत न्हवता म्हणून भांडायला.
गल्लीत सत्तावीस घरं.
वाचणारी ही एक.

ह्ये कारण लिहायचं कसं?
पेनाचं टोपण चावत बसलो.
शेवटी लिवलं:
शाळंत शिकली, म्हणून शाळंत न्हाई.

बाईंनी त्यातलं शुद्धलेखन दुरुस्त केलं न्हाई.

आता सोमवारी सातमध्ये टेबल लागतंय.
निवृत्त पोस्टमन भोपळे काका
चष्मा कपाळावर चढवून फॉर्म भरत्यात,
उत्पन्नाचा दाखला, आधारावरची चुकलेली जन्मतारीख,
फौंड्रीत बोट गेलेल्याचा अर्ज.
पहिल्या दिवशी शांताक्का पिशवी घिऊन आली.
इकडं तिकडं बघितलं. पोरगी कुठाय?
वर्गात.
मग तुमी वाचा. पण नीट वाचा हं,
ती लई नीट वाचायची.

मधी मला ताप आला. दोन दिस अंथरुणात.
तिसऱ्या दिवशी येऊन पत्रक उघडलं,
तर पानाच्या तळाला पेन्सिलीनं, गोल अक्षरात,
आक्काताई सनदी. गैरहजर.
आणि कारणाच्या रकान्यात:
विचारायला घरी जाणार आहे.