मागचा आस

कलाचा अजून सतरा मैल, आणि चाल्बीच्या वाळलेल्या सरोवरात
दवाखान्याची लँडरोव्हर थांबली.
आवाज फार नाही झाला. सुपारी फुटावी तेवढाच.
इंजिन गुरगुरत राहिलं, गिअर पडत राहिले,
चाकांचा मात्र जणू या सगळ्याशी संबंधच नाही.

एलेमामामा लगेच उतरला नाही.
"डावा," म्हणाला. नुसत्या आवाजावरून.
मागे लशींची पेटी, पेटीवर ओलं पोतं,
पोत्यावर तळहात ठेवून नर्स काबाले:
"बर्फ उद्या दुपारपर्यंत."
एवढंच बोलली.

मग सहा बोल्ट. चाक काढावंही लागत नाही,
चाकाच्या मधली टोपी सोडवायची
आणि म्यानातून काढावा तसा शाफ्ट ओढायचा.
आला तो अर्धाच.
टोकाच्या खाचा दोरासारख्या वळलेल्या.
सुंभ जळतो, पीळ जात नाही, म्हणतात.
इथे लोखंड तुटलं होतं, पीळ शाबूत.

राहिलेलं टोक आत, डिफरन्शियलच्या पोटात.
जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं चुंबक तारेला बांधून
मामा तासभर गळ टाकून बसला,
जन्मात मासा न खाल्लेला माणूस.
मी अकरा वर्षांचा. बॅटरी धरायचं काम माझं.
"रागावू नकोस तिच्यावर," तो म्हणाला, खरं तर मी रागावलो नव्हतो,
"जुनं हाड, मागे एवढं ओझं, वर माझा पाय जड क्लचवर.
कुठे तरी तुटणारच.
हा नसता तुटला, तर आतले दाते गेले असते,
आणि दाते काही सीटखाली ठेवता येत नाहीत."

सीटखाली बकऱ्याच्या कातड्यात गुंडाळलेले दोन शाफ्ट असत,
एक आखूड, एक लांब.
तुटला तो आस. ती आस नव्हे.
कलाच्याला पोचलो तेव्हा पेटीत नुसतं पाणी होतं,
पण गार.

तुकडे कोणी टाकत नसे.
बोकायोमावशीच्या तंबूच्या खुंट्या सगळ्या लँडरोव्हरच्या,
एक उंटाच्या पिल्लाला, एक कॉफीची फळं कुटायला,
खाचांमुळे हातातून निसटत नाही, म्हणायची.
वर्षाला दोन-तीन तरी मिळत तिला,
पावसापेक्षा नेमाने.

मग इसिओलोच्या भंगारात, लांब चासीच्या एका मेलेल्या गाडीखाली,
मामाला सॅलिसबरी सापडला. आख्खा. गंजलेला, पण आतून तेलकट.
नवऱ्यामुलासारखा त्याला ट्रकच्या टपावर बसवून आणला.
चौघांनी उचलला, तिघे दुसऱ्या दिवशी कंबर धरून.
पाटे जुळले, यू-बोल्ट नवे घेतले,
मधला फिरता दांडा मात्र लांब पडला;
मार्साबितच्या वेल्डरने तो कापून सांधला
आणि सांध्यावर खडूने स्वतःचं नाव लिहिलं, जे पहिल्याच नदीपात्रात पुसलं गेलं.

जाड शाफ्ट, बारीक बारीक खाचा, मोठं गोल पोट.
पोट इतकं मोठं की काळ्या दगडांवर घासायचं,
आणि मामा दर वेळी स्वतःचंच घासल्यासारखा श्वास आत ओढायचा.

तीन वर्षं काही तुटलं नाही.
कातड्यातले शाफ्ट सीटखाली म्हातारे झाले.
मावशीच्या सुनेचा नवा तंबू उभा राहायचा होता;
ती गाडीभोवती फिरली, वाकून खाली बघितलं,
"बरी आहे ना रे ही?
हल्ली काही देत नाही."

तुर्बीच्या चढावर, एका ढगाळ संध्याकाळी,
पुन्हा आवाज झाला. या वेळी आमच्या पायांखाली,
पुढे, गिअरबॉक्समध्ये.
मामा लगेच उतरला नाही.
या वेळी त्याला नाव सांगायला वेळ लागला.

तेल काढलं त्या परातीत दाते निघाले,
नऊ, चकचकीत, दुधाचे असावेत तसे.
मावशीने ते तळहातावर घेतले, हलवून पाहिले,
आणि मामाच्या खिशात परत टाकत म्हणाली,
"एवढ्याशाला कोण उंट बांधणार?"