दुसरा गेर

इंजिन फ्रेममधून सुटलं तेव्हा
नुकत्याच जन्मलेल्या कालवडीएवढं भरलं वजनाला.
पोत्यावर घेऊन दोघांनी आत आणलं,
ओट्याखाली ठेवलं, खाली चार दिवसांचे पेपर.
विजयमाला म्हणाली, आता हे काय करायलाव?
म्हटलं, उघडायलोय.

अठ्ठ्याहत्तर सालची येझदी.
बावीस वर्षं गोठ्याच्या भिंतीला टेकून होती,
सायलेन्सरात गांधीलमाश्यांचं घर,
टाकीत गंजाचा चहा.
नट हलेनात. रॉकेल पाजलं, रात्रभर ठेवले,
सकाळी हातोडीनं टिचक्या मारल्या.
चौथा नट कुईं करून सुटला
आणि मला शाबासकी द्यावीशी वाटली.
कुणाला, ते नक्की नाही.

अण्णा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर.
मागच्या सीटवर नायट्रोजनचा डबा दोरीनं आवळलेला,
त्यात देवणी वळूचं बीज, गोठून झोपलेलं,
आणि अण्णा उदगीरहून निघायचे
लोणी, तोंडार, हाळी, हंडरगुळी.
सायकलवाले त्यांना मागे टाकायचे.
लोकांनी नाव पाडलं: सेकंड गेर.
शाळेत मलाही तेच.
मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं,
भित्रा आहे हा माणूस.

क्रँककेसचे दोन अर्धे वेगळे केले.
गिअर एकेक काढून परातीत मांडले.
पहिला बरा. तिसऱ्याचे दात शाबूत.
चौथ्यावर अजून कारखान्याची चमक.
आणि दुसरा —
कडा गोल, बोटाला लागेनात,
फोर्कसुद्धा एका अंगानं खाल्लेला.
किती तरी वेळ अंगठा फिरवत राहिलो.
काळ्या मातीतली गाडीवाट. डब्याचं बूच.
एक गचका, की नायट्रोजन हिंदकळून उडणार,
बीज मरणार,
आणि दावणीची गाय पुन्हा एकवीस दिवस थांबणार.
हे ते कधी बोलले नाहीत.
मी विचारलं कुठं होतं.

क्लचकव्हरमागचं पॅकिंग खाजामियाँनी कापलेलं,
दवाखान्याच्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याचं.
तेल पिऊन आरपार झालेलं, वर अण्णांचं अक्षर:
'वानेरा, वेत दुसरं, मालक ग'
पुढं बोल्टचं भोक.

खाजामियाँ आता बाजेवर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
गिअर हातात दिला, एकदाच चाचपला.
"ये तो डिरेसर सायब का.
कित्ते बार बोल्या, बदल डालो.
नक्को बोलते. हसते."
आणि परत देईनात लवकर.

हैदराबादेतून दुसरा आला, जुनाच, पण धड.
बेअरिंग रात्रभर फ्रीजरात, मटारच्या पिशवीखाली.
केस भाकरीच्या तव्यावर तापवली,
पाण्याचा शिंतोडा मारून पाहिला,
विजयमालानं सांडशीनं धरली, मी वरून सोडलं:
टप्.
न ठोकता बसलं.
"दुधाला ग्रीसचा वास यायलाय," ती म्हणाली,
पण सांडशी सोडली नाही.
नळ नवव्या दिवशी येतो आमच्याकडं.
साबणात साखर घालून हात चोळले,
एका तांब्यात दोघांचे भागवले.

येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्यावर:
आत दाबून उभा केला की किक,
पायाशी पडला की गिअर.
दहा किका कोरड्या गेल्या.
अकराव्याला निळा धूर, पडवीभर,
पत्र्यावरची चिमणी थेट पिंपळावर.

पहिला. मग दुसरा.
गपकन बसला, तक्रार नाही.
तोंडारच्या रस्त्याला लागलो,
मागची सीट मोकळी
आणि मी एकेक खड्डा चुकवायलोय.
तिसरा टाकायचं ध्यानातच नाही.
मागून सायकलवर एक पोरगं आलं,
पुढं गेलं,
वळून बघितलं.