खंडेनवमी, रोड नंबर सोळा

कळव्याच्या माझ्या खोलीत कपाटावर आठ तलवारी आहेत.
एकही कापत नाही.
पॉलिकार्बोनेटची नळी, आत एलईडीची पट्टी,
मुठीत, लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीतून
जिवंत निघालेला एक सेल.
बटण दाबलं की बुडापासून टोकापर्यंत उजेड चढतो,
दूध उतू जायच्या आधी चढतं तसा.
आई म्हणते, चौतिसाव्या वर्षी ट्यूबलाइटशी खेळतेस.
मी म्हणते, हो.

आठही मुठी भोईरकाकांनी काढल्या.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा,
गाळ्यात एक लेथ, एक ड्रिल
आणि फक्त डावीकडे बघणारा पंखा.
पहिल्यांदा ड्रॉइंग नेलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"बंदुकीचं काही असेल तर आत्ताच सांग."
तलवारीची मूठ आहे, म्हटलं.
"आणि पातं?"
उजेडाचं.
"कापतं काय?"
काहीच नाही.
ते बराच वेळ कागद बघत राहिले.
"मग टॉलरन्स एवढा कडक कशाला, पोरी?"

तरी दिला. पाच पॉइंटच्या आत.
नळी मुठीत सरकवली की आतली हवा
फुस्स करून निघते, रागावल्यासारखी,
इतकी नेमकी.
आणि हे त्यांनी तीन बोटांनी केलेलं.
करंगळी आणि अनामिका प्रेसमध्ये गेल्या, एकोणनव्वद साली.
ती कंपनीही पुढे गेलीच.
तिच्या जागेवर आता लग्नाचा हॉल आहे,
एसी.

यंदा म्हणाले, "खंडेनवमीला तुझी पण घेऊन ये. शस्त्रंच ना ती?"
चटईत गुंडाळून बसने नेल्या.
कंडक्टरने विचारलं, पडद्याचे रॉड का?
लेथ धुतलेला, चकला झेंडूची माळ,
व्हर्नियरच्या जबड्यावर हळदकुंकू.
त्याच्या शेजारी माझ्या आठ, निळ्या, हिरव्या, जांभळ्या.
नारळाचं पाणी उडेल म्हणून मी सेल काढून ठेवले होते.

मग त्यांनी खणातून कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं.
नववी मूठ.
कुठल्याच ड्रॉइंगमधली नाही.
तीन बोटांना तीन खाचा,
आणि जिथे दोन बोटं नाहीत
तिथे धातू थोडा फुगवलेला,
कुणीतरी आतून धरून ठेवावं तसा.
"रविवारी काढली. यात बसेल का उजेड?"
रंग कुठला?
"आमच्या गेटवर दिवा होता, सोडियमचा.
सेकंड शिफ्ट सुटली की
सगळी माणसं हळद लागल्यासारखी दिसायची."

मी तिथेच इस्त्रीच्या टेबलाएवढी जागा करून
सोल्डरिंग गन तापवली.
लाल पूर्ण, हिरवा थोडा, निळा बंद.
"हा गुळाचा झाला."
हिरवा कमी.
"हा संत्र्याचा."
लाल थोडा मंद.
"छे, शिळं वरण."
सहाव्या की सातव्या वेळी ते खुर्चीतून उठले.
"थांब. आता हात लावू नको."

आवाजही देता येतो काका, फिरवली की घुमते.
"नको. चाळीस वर्षांचा कानात आहे तो पुरे."

तिन्हीसांजेला शटर अर्धं ओढून ते बाहेर उभे राहिले.
फिरवली नाहीच. सरळ धरली, खांबासारखी.
शेजारच्या गाळ्यातला रियासत,
टेम्पोवाला, खारे दाणे खाणारी त्याची मुलगी,
पुठ्ठ्यांचा ढीग,
सगळ्यांना हळद लागली.
काकांनी घड्याळाकडे बघितलं.
सवा सहा वाजले होते.
"साडेअकराला सुटायचो," ते म्हणाले, कुणालाच नाही.

मग मूठ डाव्या हातात घेतली
आणि उजव्या हाताची दोन थोटकी
पात्यावर ठेवली, जपून,
तापलेल्या तव्याचा अंदाज घ्यावा तशी.
वरून खाली. परत वर.
"खरंच कापत नाही," ते म्हणाले.

मजुरी मी घेत नव्हते,
पण नळीचे साडेतीनशे त्यांनी मोजून दिले, सुटे,
नोटांना कूलंटचा वास,
एकीवर कुंकवाचं बोट.