अर्धा गुण

घटक चाचणी दुसरी, इयत्ता पाचवी,
प्रश्न तिसरा, उपप्रश्न आ:
'समुद्र' या शब्दाचे दोन समानार्थी शब्द लिहा.
उत्तरसूचीत सागर, सिंधू, रत्नाकर, जलधी.
वर्गाच्या खिडकीतून तो दिसतो, सुवर्णदुर्गाभोवती,
पण यातल्या एकाही नावानं
हर्णैत त्याला कुणी हाक मारत नाही.

रत्नाकर हे तर आमच्या काकाचं नाव आहे,
असं नेत्राली चोगले मागे म्हणाली होती.
तो पाजपंढरीला राहतो, आणि त्याला पोहता येत नाही.

तंझील मुकादमनं लिहिलं, दर्या.
दोन हवेत म्हणून खाली पुन्हा दर्या,
जरा मोठ्या अक्षरात.
कोशात आहे, मला माहीत आहे. सूचीत नाही.
रात्रीचे साडेनऊ, गठ्ठ्यात अजून एकवीस पेपर,
मी फुली मारली. दोन्हींवर.

भागव्वानं लिहिलं कडलु.
तिची आई रस्त्यावर खडी पसरते,
इंडी तालुक्यातून आली दिवाळीनंतर.
शब्दाच्या शेवटी उकार दीर्घ हवा,
म्हणून मी त्या कानडी समुद्राचा
उकारही लाल केला.
मग पेन खाली ठेवला, आणि थोडा वेळ
भिंतीवरच्या पालीकडे बघत बसले.

सुनमायाची जागा कोरी.

पेपर वाटताना तिला उभी केली.
बाप तिचा आंब्याच्या बागेत राखणीला,
मोहोर आला की रात्रभर बॅटरी फिरते त्याची.
दोन वर्षांत पोर मराठी बोलते घडाघडा,
मग हे सोपं का सोडलं,
हे विचारायचं होतं मला.
तोंडातून निघालं,
"कामून कोरं ठेवलंस गं?"

अकरा वर्षांनी.
रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये
याच शब्दावर चहा सांडेपर्यंत हसले होते सगळे.
तेव्हापासून मी 'का' म्हणते.
आईला फोन करायचा तर गच्चीवर जाते.

सुनमाया म्हणाली, "बाई, समुद्र तिकडे पण समुद्रच.
पण आजीनं पाहिलाच नाही.
दुसरं नाव कोण ठेवणार?"

कयाधूच्या काठी वाढले मी.
आमच्याकडेही नव्हतं कुणी ठेवलं.
चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला
तेव्हा एवढंच म्हणाले होते, अगं बाई.

तंझीलनं हात वर केला.
"बाई, कामून ही कुठली भाषा?"
सूचीत नव्हतं.
म्हटलं, माझी.

संध्याकाळी बंदरावर गेले, बांगडे घ्यायला.
वाळूत म्हावऱ्याचे ढीग, भोवती माणसं,
कोळी, दालदी, महाडचा टेम्पोवाला,
कुणाला कुणाचं अर्धंच कळतंय आणि
व्यवहार पूर्ण होतोय.
इथे बोली लागते.
दर वेळी वर चढते.
माझ्या वर्गात सकाळी अकरापासून
ती खाली उतरवायचा पगार मिळतो मला.

घरी येऊन पेन्सिलीनं
तंझीलला अर्धा, भागव्वाला अर्धा.
सुनमायाला काय द्यावं ते कळेना,
तिच्या कोऱ्या जागेत अगं बाई असं बारीक लिहिलं,
आणि खोडलं.
गुणतक्त्याची बेरीज आता जुळत नाही.
संगणक अर्धा गुण घेत नाही,
केंद्रप्रमुखांचा दोनदा फोन येऊन गेला.
बांगडे तसेच राहिले, रात्री उशिरा तळले.

गुरुवारी मधल्या सुट्टीत
पटांगणाच्या टोकाला भांडण चाललं होतं.
चेंडू गटारात गेलेला, भागव्वा रडवेली,
आणि तंझील कमरेवर हात ठेवून
कुणाला तरी दटावत होता,
"कामून ढकललास रे तिला? कामून?"

मी घंटा द्यायला दोन मिनिटं उशीर केला.